माहेरी गेली की बरी होते

"माहेरी गेली की बरी होते ती. इथे आली की पुन्हा सुरू."

हे वाक्य मला उद्देशून नव्हतं. माझ्या काचेच्या खिडकीसमोर पहिल्या रांगेत बसलेल्या काकू शेजारच्या बाईंना सांगत होत्या. त्यांनी आवाज दबका ठेवला होता, पण आमच्या लॅबच्या हॉलमध्ये दबका आवाजच जास्त ऐकू येतो.

"माहेरी गेल्यावर कोण बरं होत नाही, काकू?" रिसेप्शनवरची शबाना कॉम्प्युटरवरची नजर न काढता म्हणाली. "मी पण तळोज्याला अम्मीकडे गेले की माझं बीपी नॉर्मल येतं."

दोघी-तिघी हसल्या. काकू हसल्या नाहीत. आणि जिच्याबद्दल हे चाललं होतं ती, त्यांची सून, दोन खुर्च्या सोडून बसली होती. ती स्वतःच्या चपलांकडे बघत होती. तिचं नाव प्रणिता, हे मला तिच्या फॉर्मवरून कळलं.

नवीन पनवेलच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी सात वर्षं काम करते आहे. सकाळी रक्त काढते, दुपारनंतर रिपोर्ट देते. मी मुळात न बोलणारी. कॉलेजात सगळ्या मैत्रिणींनी हॉस्पिटलं निवडली. मी लॅब निवडली, कारण नळ्या उलट प्रश्न विचारत नाहीत. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठीत इतकं लांब मी पहिल्यांदाच लिहिते आहे. ऱ्हस्व-दीर्घ आईने तपासले आहेत.

लोकांना वाटतं, आमच्या कामात सुई टोचणं कठीण असतं. सुई सोपी असते. बोटांना शिरेची सवय होते, डोळे मिटूनही सापडते. रिपोर्ट हातात देणं कठीण असतं. समोरचा माणूस पाकीट तिथेच उघडतो, एक शब्द वाचतो आणि मान वर करून आपल्याकडे बघतो. आमचा नियम असा की रिपोर्टबद्दल बोलायचं नाही. "डॉक्टरांना दाखवा," एवढंच म्हणायचं. नियम बरोबर आहे. मी डॉक्टर नाही. पण खरं सांगायचं तर हा नियम मला फार सोयीचा होता.

प्रणिताच्या आधी साधारण वर्षभरापूर्वी नेऱ्याचा एक मुलगा आला होता. त्याच्या काकांची पाठ वाकून कडक झाली होती, आणि याचीही कंबर दुखायची, म्हणून डॉक्टरांनी एका जनुकाची तपासणी सांगितली होती. बी-२७ म्हणतात त्याला. त्याने पाकीट माझ्यासमोर फोडलं. 'पॉझिटिव्ह' वाचलं. "म्हणजे मला पण झालंय ना?" असं विचारलं. खरं उत्तर असं होतं की हे जनुक असलेली पुष्कळ माणसं जन्मभर ताठ चालतात. रिपोर्ट फक्त एवढंच सांगतो की हे जनुक तुझ्यात आहे, बाकीचं एक्स-रे आणि डॉक्टर सांगतील. मला ते येत होतं. मी म्हणाले, "डॉक्टरांना दाखवा." तो डॉक्टरांकडे गेलाच नाही. घरी जाऊन त्याने ठरलेलं लग्न मोडलं. हे मला पुढे त्याच्या आईकडून कळलं. ती स्वतःची शुगर तपासायला आली होती. तोवर त्याची कंबर बरी झाली होती. ट्रकमध्ये गोणी चढवताना भरलेली ती कंबर होती. मुलीचं लग्न दुसरीकडे झालं होतं.

हे डोक्यात असूनही मी प्रणिताच्या वेळी तेच केलं. खरं तर त्याहून वाईट केलं.

होळीच्या आधीचा आठवडा होता. मी तिला आत बोलावलं, दंडाला पट्टा बांधला. सत्ताविशीची मुलगी, पण हात बारा वर्षांच्या मुलीसारखा. नखं पांढरी, ओठांच्या कडा चिरलेल्या.

"उपाशी आहात?" मी विचारलं.

"उपाशीच असते मी, दीदी. सासरी खाल्लेलं टिकतच नाही."

शीर सापडेना. दुसरा हात घेतला. "घ्या घ्या," ती म्हणाली, "या हातातलं पण कंटाळलंय बहुतेक." मी हसले. ती मला आवडली. ती जासईची, आगरी घरातली. कॉलेजात असताना निखिलशी ओळख झाली आणि दोन्ही घरांच्या नाराजीत लग्न केलं. निखिलचं घर मूळ नगरकडचं. वडील नोकरीतून निवृत्त, इथे सेक्टरमध्ये फ्लॅट. लग्नाला दोन वर्षं झाली होती. पहिल्या सहा महिन्यांतच जुलाब सुरू झाले, मग केस गळले, वजन उतरलं, हिमोग्लोबिन सातवर आलं. दिवाळीला माहेरी गेली ती पाच महिने तिथेच राहिली. कालच जासईहून परतली होती, ती या तपासण्यांसाठी.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नेहमीच्या तपासण्यांखाली दोन ओळी होत्या. पहिली, एका अँटीबॉडीची. दुसरी, एचएलए जनुकाची. म्हणजे डॉक्टरांना सिलिअॅकचा संशय होता. साध्या भाषेत सांगायचं तर गव्हाचा आजार. गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराचे स्वतःचे रक्षक स्वतःच्याच आतड्याचं अस्तर खरवडून काढतात.

जनुकाचा इथे संबंध काय, ते मी मला समजलं तसं सांगते. आपल्या रक्षक पेशी सतत गस्त घालत असतात, पण त्यांना आख्खी वस्तू ओळखता येत नाही. त्यांना तिचा छोटा तुकडा ताटलीत घालून दाखवावा लागतो. ही ताटली पेशीच्या बाहेरच्या बाजूला असते, आणि तिचा आकार कसा असेल ते एचएलए जनुकं ठरवतात. निम्मी आईकडून येतात, निम्मी वडिलांकडून. काही आकारांच्या ताटलीत गव्हाचा तुकडा असा घट्ट बसतो की रक्षकांना तो शत्रू वाटतो. बी-२७ हीसुद्धा अशीच एक ताटली, वेगळ्या आकाराची. प्रणिताच्या चिठ्ठीवर डीक्यू-टू आणि डीक्यू-एट अशा दोन आकारांची चौकशी होती. ही ताटली कितीतरी निरोगी माणसांकडे असते आणि ती आयुष्यभर पोळ्या खातात. पण ती नसेल, तर हा आजार जवळजवळ होतच नाही.

जनुकाची तपासणी आज करा, दहा वर्षांनी करा, उत्तर तेच. अँटीबॉडीचं तसं नाही. अँटीबॉडी म्हणजे त्या लढाईतला धूर. कित्येक महिने पोटात गहू गेलाच नाही, तर लढाई थांबते, धूर विरतो आणि रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून रक्त घेण्याआधी विचारायचं असतं: गहू खाताय ना? शेवटचा कधी खाल्ला? आमच्या सरांनी हे वर्गात दोनदा सांगितलं होतं. आमच्या फॉर्मवर मात्र तो प्रश्न नव्हता. फॉर्मवर होतं, उपाशी आहात का. पनवेलमध्ये गहू न खाणारा माणूस आपल्या खिडकीशी येईल, असं फॉर्म छापणाऱ्याच्या मनातही आलं नसावं.

मी विचारणार होते. तेवढ्यात पडद्याशी सासूबाई आल्या. "किती वेळ हो? एकाच हातात किती टोचणार?" बाहेर अठरा माणसं खोळंबली होती. माझ्या ओठांवर आलेलं वाक्य मी गिळलं. नळीचं बूच लावलं, नाव चिकटवलं आणि पुढच्याला हाक मारली.

दहा मिनिटांनी पाणी प्यायला बाहेर आले तर हॉलमध्ये दोन डबे उघडले होते. सासूबाईंच्या डब्यात पोळीचा लाडू होता. साजूक तूप, गूळ. "गुळाने लोह वाढतं. खा बाळा, रिकाम्या पोटी रक्त दिलंयस." दुसऱ्या बाजूला प्रणिताची आई होती. ती जासईहून सकाळची निघाली होती आणि कंटेनरच्या गाड्यांच्या रांगेत तासभर अडकून नुकतीच पोचली होती. तिच्या डब्यात तांदळाची भाकरी होती, पांढरीशुभ्र, सोबत सुक्या मासळीची, जवळ्याची चटणी. वास सगळ्या हॉलभर पसरला.

"मावशी," शबाना म्हणाली, "दुसऱ्यांदा आणाल तर दोन भाकऱ्या जास्त आणा. इथे पण लोक उपाशी आहेत."

"घे ना बाय, हाय की."

प्रणिताने लाडवाकडे पाहिलं. "मम्मी, नंतर खाते," असं सासूला म्हणाली आणि भाकरीचा तुकडा मोडला. सासूबाईंनी डब्याचं झाकण लावलं. ते नीट लागेना. दोनदा काढून पुन्हा लावलं. मग फोन आल्यासारखं करून त्या बाहेर गेल्या.

"दिवाळीपासून तिला भात नि भाकर, दुसरं काय नाय दिलं," आई शबानाला सांगत होती. "बिस्कीटसुदा नाय. पोट तरी शांत रायलं पोरीचं."

मी पाण्याचा ग्लास धरून तिथेच उभी होते. आतमध्ये प्रणिताची नळी मशीनमध्ये फिरत होती, मला आवाज ऐकू येत होता. पाच महिने गहू नाही. वीस पावलं चालून मशीन बंद करायचं, डॉक्टरांना फोन लावायचा आणि म्हणायचं, ही तपासणी आत्ता नको. पण मग ते विचारणार, आधी का नाही विचारलंस? मी ग्लास ठेवला आणि पुढची नळी घेतली.

संध्याकाळी मी आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना अर्धवट सांगितलं. "मॅडम, ती पेशंट भात जास्त खाते बहुतेक."

"जासईची ना? खाणारच," मॅडम सही करता करता म्हणाल्या. "आपण आकडा देतो, निदान नाही. हिस्टरी त्यांचे डॉक्टर घेतील."

मी विचारायला विसरले नव्हते, घाबरले होते, हे मी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी अँटीबॉडीचा रिपोर्ट आला. निगेटिव्ह. निखिल ऑफिसला जाता जाता घेऊन गेला. पाकीट देताना मी त्याच्या शर्टाच्या बटणांकडे बघत होते.

त्यानंतरचे दहा दिवस कसे गेले ते शबानाला विचारावं. मी दोन नळ्यांवर नावं चुकवली, वेळेत सापडली म्हणून वाचले. ती म्हणाली, "काय गं, ब्रेकअप झालं की काय? सांग तरी, दावत देते." मी नाही म्हणाले. तिला सांगितलं असतं तर तिने मला हाताला धरून मॅडमसमोर उभं केलं असतं.

जनुकाचा रिपोर्ट मुंबईच्या मोठ्या लॅबमधून यायचा होता. तो शनिवारी दुपारी आला. डीक्यू-टू, पॉझिटिव्ह.

चार वाजता सगळेच आले. प्रणिता, निखिल, सासूबाई आणि जासईहून आई. प्रणिता आता दोन आठवडे सासरी होती. चेहरा पुन्हा ओढला होता, कोपराच्या खळगीत मी टोचलेल्या जागी निळा डाग तसाच होता. सासूबाईंच्या हातात प्लास्टिकची फाइल होती.

मॅडम शनिवारी दुसऱ्या शाखेत असतात. प्रणिताच्या डॉक्टरांची वेळ सोमवारची होती. आणि मध्ये रविवार होता. रविवारी काय आहे ते त्यांच्या बोलण्यातून दोन मिनिटांत कळलं. जासईला बैठक होती. नवरा-बायकोचं बिनसलं की दोन्हीकडची मोठी माणसं बसतात, दोघांचं ऐकतात आणि नांदायचं की नाही ते ठरवतात. तिथे शब्दाला वजन असतं आणि कागदाला त्याहून जास्त.

सासूबाईंनी रिपोर्ट उभ्याउभ्याच वाचला. त्या शिकलेल्या आहेत, इंग्रजी वाचतात.

"हे जन्मापासूनचं आहे," त्या म्हणाल्या. "आईवडिलांकडून आलेलं. म्हणजे लग्नाआधी तुम्हाला माहीत होतं."

"नाय हो, विहीणबाई," प्रणिताची आई म्हणाली. "आमच्यात कुणाला असलं काय नाय. आमी काय लपवलं नाय. आमाला तर आत्ता कळतंय."

"मग तो पहिला रिपोर्ट? त्यात तर आजार नाही म्हणतात. एक कागद म्हणतो काही नाही, दुसरा म्हणतो जन्मापासून आहे. म्हणजे आजार नाही आणि सोंग मात्र आहे. का रक्तच तसं आहे? काय समजायचं मी?"

"मम्मी, सोमवारी डॉक्टर सांगतील ना," निखिल म्हणाला.

"सोमवारी डॉक्टर. उद्या बैठक." त्यांचा आवाज हलला. "मला काय कमी ऐकून घ्यावं लागलंय? रोज सकाळी लवकर उठून हिच्यासाठी लापशी. आठवड्यातून दोनदा चीक शिजवते, गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून. अशक्त माणसाला त्याच्यासारखं काही नाही. माझ्या हातचं खाते आणि जाऊन बाथरूममध्ये बसते. सासू काय घालते खायला, असं जासईत बोलतात. माझ्या कानावर येतं. उद्या दोन्ही कागद मधोमध ठेवणार आहे मी. बघू दे सगळ्यांना."

हे सगळं माझ्या खिडकीसमोर, माझ्यापासून दोन हातांवर चाललं होतं. काचेला बोलण्यापुरतं गोल भोक आहे. मी त्या भोकाकडे बघत होते. लापशी. चीक. गहू तीन दिवस भिजवून. त्या बाई सुनेला जीव लावून जे भरवत होत्या, त्याच्यानेच ती खंगत होती, आणि दोन घरांत हे कोणालाही दिसत नव्हतं. ज्या निगेटिव्ह कागदाच्या जोरावर उद्या तिला खोटी ठरवणार होते, त्यातलं रक्त मी काढलं होतं.

 प्रणिताने पर्स उघडली, किल्ल्यांच्या जुडग्यातून एक किल्ली काढायला लागली. नखांत जोर नव्हता, कडी उघडेना. तिने ती दाताने उघडली. किल्ली माझ्या काउंटरवर ठेवली, दोरीने बांधलेल्या पेनाच्या शेजारी.

"निखिल, फ्लॅटची आहे. बैठक बसली काय आणि नाही काय, मी नाही येत परत. मला खोटं ठरवून घ्यायचं नाही." मग आईला म्हणाली, "आई, चल."

निखिलने किल्लीला हात लावला नाही. सासूबाईंनी फाइल छातीशी धरली. आईने पदर तोंडाला लावला. सगळे एका जागी उभे, आणि ती किल्ली माझ्यासमोर.

पुढे काय निघालं ते इथेच सांगून टाकते. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे काही आठवडे पोळी खाऊन ती तपासणी पुन्हा झाली, दुर्बिणीने आतडं पाहिलं, गव्हाचाच आजार निघाला, आणि आज आमच्या फॉर्मवर 'उपाशी आहात का' याच्या खाली गव्हाची एक ओळ आहे. ती पहिल्यांदा भरली सासूबाईंनी, सुनेच्या वतीने, सुवाच्य अक्षरात. लहानपणीही जासईला पाव-बिस्कीट येतच होतं, मग दुखणं सासरीच का उठलं, याचं नीट उत्तर मात्र डॉक्टरांकडेही नव्हतं. पण त्या शनिवारी यातलं काहीच मला माहीत नव्हतं. मी सपशेल चुकू शकत होते. पोटाला दुसरंच काही झालेलं असू शकत होतं. मॅडम नव्हत्या. नियम मोडला तर नोकरी जाऊ शकत होती. आणि मी चुकले तर उद्याच्या बैठकीत एका मुलीला आणखी एक खोटी आशा मिळणार होती.

नेऱ्याचा तो मुलगा मला आठवला. तो वाट बघत होता, मी काही बोलेन म्हणून. मी बोलले नाही तेव्हा त्याने पाकीट चार घड्या करून खिशात घातलं होतं.

प्रणिता दाराशी पोचली होती. मी खुर्ची मागे सारली. खिडकीच्या भोकातून बोलता आलं असतं, पण आवाज पोचेल असं वाटेना. मी बाजूचं दार उघडून हॉलमध्ये आले. सात वर्षांत पेशंटच्या बाजूला मी कधी उभी राहिले नव्हते. हॉल इथून मोठा दिसतो.

"काकू, ते कागद उद्या बैठकीत ठेवू नका."

सासूबाई वळल्या. "का? खोटे आहेत?"

"आकडा खरा आहे. पण रक्त चुकीच्या वेळी घेतलंय. मी घेतलंय."

शबानाचं टायपिंग थांबलं. प्रणिता दार अर्धवट उघडून उभी होती. मी हात पाठीमागे बांधले आणि माझा मलाच अनोळखी वाटेल इतक्या मोठ्या आवाजात म्हणाले, "ही तपासणी करण्याआधी पेशंटला एक प्रश्न विचारायचा असतो. मला शिकवलं होतं, तरी मी विचारला नाही. चूक तिची नाही, तुमच्या कोणाच्या घराचीही नाही. आता विचारते, सगळ्यांनी ऐका. प्रणिता, तुम्ही दिवाळीला माहेरी गेलात तेव्हापासून माझ्याकडे रक्त देईपर्यंत, पोळी किती वेळा खाल्लीत?"